हंसून मोकळे

आमच्या तरुण पिढीचें राजकीय शिक्षण आज कोण करीत आहे, या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर द्यावयाचें झाल्यास शाळा, कॉलेज, ग्रंथालय अथवा व्याख्यानमाला यांपैकीं एकाचेंही नांव घेतां येणार नाहीं. तें शिक्षण टेलिव्हिजनच्या पडद्यावर चाललें आहे. आणि ज्या तरुणास घरच्या पडद्यापुढें बसावयास सवड नाहीं, त्याच्या हातांतील मोबाईलवर त्याच पडद्याचे तुकडे येऊन पडत आहेत. या शाळेंत विषय दोनच: एक बातमी आणि दुसरा बातमीची थट्टा. रात्रीं नऊ वाजतां सहा गृहस्थ एकाच वेळीं ओरडूं लागले म्हणजे त्यास चर्चा म्हणावयाचें, आणि थोड्या वेळानें दुसऱ्या वाहिनीवर एखादा नट त्यांचीच नक्कल करूं लागला म्हणजे त्यास विनोद म्हणावयाचें, एवढाच काय तो दोहोंमधील भेद आतां उरला आहे.

या स्थितीविषयीं सुशिक्षित वर्गांत दोन मतें ऐकूं येतात. पहिलें मत बहुधा वडीलधाऱ्या मंडळींचें असतें. त्यांच्या म्हणण्याप्रमाणें या थट्टेनें तरुणांच्या मनांतील आदरभाव पार नष्ट केला. पुढारी म्हणजे विदूषक, विधानसभा म्हणजे तमाशा, अशी त्यांची समजूत होऊन बसली. सबब असल्या कार्यक्रमांस आळा घालावा. दुसरें मत आधुनिकांचें. ते म्हणतात कीं, वृत्तवाहिन्यांनीं आपला धर्म सोडला असतां खरें बोलण्याचें धैर्य एकट्या विडंबनकारांत उरलें आहे. तरुण त्यांस पाहून हंसतो म्हणजेच तो जागा होतो. आमच्या मतें हीं दोन्ही मतें चुकीचीं आहेत. पहिल्यानें रोग भलत्याच ठिकाणीं शोधला, आणि दुसऱ्यानें रोगाच्या लक्षणासच औषध मानिलें.

पहिल्या मताचा विचार आधीं करूं. थट्टा ही महाराष्ट्रास परकी नाहीं. पैठणच्या एकनाथ महाराजांनीं सोळाव्या शतकांत जोशी, गोंधळी, मुका, बहिरा अशीं सोंगें भारुडांत आणिलीं, आणि त्या सोंगांना हंसतां हंसतां श्रोता आपल्याच लोभाला व दंभाला हंसूं लागला. तमाशाच्या वगांत राजा व प्रधान असतात, तसा त्यांच्या राजेपणाची फजिती करणारा सोंगाड्याही असतो. ज्या गांवीं फड उतरला असेल त्या गांवच्या बड्या माणसाची खोड तो बतावणींत काढी, आणि तीही तो माणूस समोर बसलेला असतां. शिवराम महादेव परांजपे यांनीं पुण्यास 1898 सालीं 'काळ' पत्र सुरू केलें, तेव्हां वक्रोक्ति हेंच त्यांचें हत्यार होतें. वरवर इंग्रजी राज्याची स्तुति करावी आणि त्या स्तुतीच्या शब्दाशब्दानें त्या राज्याची लाज काढावी, ही त्यांची रीति. सरकारास ती पुरती समजली, म्हणूनच 1908 सालीं राजद्रोहाच्या खटल्यांत त्यांस 19 महिन्यांची शिक्षा झाली. 'काळ' वाचून महाराष्ट्रांतील तरुण राजकारणास विटले असें कोणी म्हणूं शकेल काय? थट्टेनें देशकार्याची आस्था मरते हा सिद्धान्त आमच्या स्वतःच्या इतिहासानेंच खोटा ठरविला आहे.

शिवाय थट्टा बंद करा म्हणणाऱ्यांनीं आपल्या शेजारीं कोण उभें आहे तेंही पाहावें. 2025 च्या मार्चमध्यें कुणाल कामरा या विनोदकारानें उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांस उद्देशून उपरोधिक गीत म्हटलें, तेव्हां शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनीं मुंबईंत खार येथील, ज्या ठिकाणीं तो कार्यक्रम झाला होता, त्या स्टुडिओची मोडतोड केली. विनोद वाईट असेल तर त्यावर टीका करावी, बेकायदेशीर असेल तर न्यायालयांत जावें. ज्यास विनोदाचें उत्तर खुर्च्या मोडून द्यावें लागतें, त्याच्यापाशीं दुसरें उत्तर नाहीं असेंच जग समजतें. आमच्या आदरणीय वडीलधाऱ्यांची जागा या मंडळींच्या रांगेंत नाहीं.

आतां दुसरें मत. एकनाथ, सोंगाड्या आणि परांजपे यांचीं नांवें आधुनिक मंडळीही घेतात, आणि आजचा टेलिव्हिजनवरील विडंबनकार हा त्यांचाच वारस होय असें सांगतात. वारसा सांगणाऱ्यानें कागदपत्र दाखवावे लागतात. जुन्या उपहासाजवळ तीन गोष्टी होत्या: माहिती, जवळीक आणि जोखीम. यांपैकीं किती गोष्टी या वारसाच्या हातीं आहेत, तें पाहूं.

पहिली गोष्ट माहितीची. वक्रोक्ति समजण्यास सरळ उक्ति आधीं ठाऊक असावी लागते. 'काळ'च्या वाचकास सरकारनें कोणता कर बसविला, कोणावर खटला भरला, हें इतर पत्रांतून कळलेलें असे. म्हणून परांजप्यांच्या टोमण्यांतील टोंक त्याच्या काळजास भिडे. आजच्या तरुणाचा क्रम उलटा आहे. मूळ गोष्ट त्यानें वाचलेली नसते. तो प्रथम थट्टा ऐकतो, आणि पुष्कळदां तेवढ्यावरच त्याची जिज्ञासा तृप्त होते. मूळ चित्र न पाहतां व्यंगचित्र पाहणाऱ्यास मोठें नाक दिसतें, चेहरा दिसत नाहीं.

दुसरी गोष्ट जवळिकीची. सोंगाड्या ज्या पाटलाची थट्टा करी, त्याचा वाडा श्रोत्यांच्या घरांपासून हांकेच्या अंतरावर असे. थट्टा खरी कीं खोटी हें प्रत्येकास पारखतां येई, आणि दुसऱ्या दिवशीं चावडीवर तोच विषय निघे. मुंबईच्या स्टुडिओंत लिहिल्या जाणाऱ्या विडंबनास भोकरची नगर परिषद ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असण्याचें कारणही नाहीं. त्यास साऱ्या महाराष्ट्रांत खपेल असा माल पाहिजे. म्हणून तें पुढाऱ्याचें धोरण सोडून त्याचा आवाज घेतें, त्याची चाल घेतें, त्याचें बोलतांना अडखळणें घेतें. पुढाऱ्याचा घोगरा आवाज नकलेंत उतरतो. त्यानें अडवून ठेवलेला निधि उतरत नाहीं. आणि आमच्या जीविताशीं संबंध आहे तो त्या निधीचा आहे, आवाजाचा नाहीं.

तिसरी गोष्ट जोखमीची. 2017 सालीं श्याम रंगीला या राजस्थानी तरुणानें 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' या कार्यक्रमासाठीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची नक्कल केली. तिचें चित्रण झालें, पण ती पडद्यावर आलीच नाहीं. यावरून पडद्यावर येणारी थट्टा कोणत्या चाळणींतून गाळून येते याची कल्पना करावी. कामरा यांनीं जोखीम पत्करली हें खरें, पण त्यांचा तो कार्यक्रम कोणत्याही टेलिव्हिजन वाहिनीचा नव्हता, हेंही विसरतां कामा नये. उलटपक्षीं 2023 सालीं झी मराठीवरील 'खुपते तिथे गुप्ते' या कार्यक्रमांत राज ठाकरे, एकनाथ शिंदे यांसारखे नेते पाहुणे म्हणून येऊन बसले. गप्पा ऐकण्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु चतुर पुढाऱ्यांस एक मर्म पुरतें उमगलें आहे: थट्टेस भिण्याचे दिवस गेले, तींत सामील झालें म्हणजे ती फुकटची जाहिरात होते. राजाच ज्या उपहासाचा पाहुणचार घेऊं लागतो, तो उपहास दरबारी झाला असें समजावें.

हा केवळ आमचा तर्क नाहीं. जॉन स्टुअर्ट 1999 पासून 2015 पर्यंत 'द डेली शो' हा उपहासात्मक बातम्यांचा कार्यक्रम चालवीत असतां अमेरिकेंतील तरुणांत त्याची लोकप्रियता अफाट होती. तेथील बॉमगार्टनर व मॉरिस या दोन अभ्यासकांनीं 2004 च्या अध्यक्षीय निवडणुकीविषयींचे या कार्यक्रमांतील भाग तरुणांस दाखवून त्यांच्या मनावर काय परिणाम होतो हें तपासलें, आणि 2006 सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही पक्षांच्या उमेदवारांविषयींचें मत खालावलें. निवडणुकीच्या पद्धतीवरचा व वृत्तसंस्थांवरचा विश्वास कमी झाला. इतकें कोणाच्याही ध्यानीं आलें असतें. परंतु तिसरा निष्कर्ष फार मार्मिक आहे. त्याच तरुणांस, राजकारण आपणांस चांगलें समजतें, असें मात्र पूर्वींपेक्षां अधिक वाटूं लागलें. विश्वास घटला आणि शहाणपणाचा भास वाढला! ज्यास आपण अज्ञ आहों असें वाटतें तो कधींतरी विचारावयास येतो. ज्यास सर्व कळून चुकलें आहे, त्यास कोण शिकविणार?

प्रतिपक्षाचाही पुरावा आम्ही झांकून ठेवीत नाहीं. त्याच 2004 सालीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲननबर्ग केंद्रानें केलेल्या पाहणींत, 'द डेली शो' पाहणाऱ्यांस निवडणुकीची माहिती इतरांहून अधिक असल्याचें आढळलें होतें. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण तसे ते असण्याचें कारण नाहीं. ज्याचें वाचन आधींचें आहे, त्यास असल्या कार्यक्रमाची गोडी लागते आणि त्याच्या ज्ञानास तो धार लावतो. आमच्या घरांतील साधा दृष्टान्त घ्यावयाचा तर उपहास हा जेवणानंतरचा विडा आहे. पोटभर जेवलेल्यास तो रुचतो व पाचकही होतो. उपाशीपोटीं विडे खात बसणाऱ्याचें तोंड रंगतें, पोट रिकामेंच राहतें.

मग जेवण कोठें आहे? येथें खरा दोष उघडा पडतो, आणि तो विडा विकणाऱ्याच्या माथीं मारून चालणार नाहीं. मराठींत चोवीस तास बातम्या देणाऱ्या 'झी 24 तास' आणि 'स्टार माझा' या वाहिन्या 2007 सालीं निघाल्या. दुसरीचें नांव 2012 पासून 'एबीपी माझा' झालें. मुंबईंतील बातमी त्याच क्षणीं मराठवाड्यांतील खेड्यांत पोंचूं लागली, हा लाभ लहान नव्हता. परंतु चोवीस तास भरून काढावयाचे, तेही जाहिरातीच्या पैशावर; जाहिरात मिळावयाची ती प्रेक्षकसंख्येवर; आणि ती संख्या ठरावयाची कांहीं निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांवरून. ग्रामीण भागांतील घरें या मोजणींत आलीं तीं 2015 च्या ऑक्टोबरांत. तोंपर्यंत आमच्या तालुक्यांतील खेडूत काय पाहतो, हें कोणाच्या हिशेबींच नव्हतें. पुढें 2020 च्या ऑक्टोबरांत या मोजणींतच लबाडी होत असल्याचा आरोप मुंबई पोलिसांनीं केला. तो खटला 2024 सालीं न्यायालयाच्या परवानगीनें मागें घेण्यांत आला. पण मध्यंतरीं वृत्तवाहिन्यांचे प्रेक्षकांचे आंकडे जाहीर करणें जें बंद झालें, तें 2022 च्या मार्चमध्यें पुन्हां सुरू झालें.

असल्या व्यवस्थेंत बातमी कशी टिकावी? सोयाबीनच्या खरेदी केंद्रावर शेतकरी तीन दिवस कां ताटकळला, हें शोधावयाचें तर बातमीदार पाठवावा लागतो, त्यास गाडीखर्च द्यावा लागतो, कागद तपासावे लागतात, आणि हातीं येते ती चार मिनिटांची रुक्ष हकीकत. तेंच सहा प्रवक्त्यांस खुर्च्यांवर बसवून भांडावयास लाविलें कीं एक तास भरतो, खर्च चहाचा. बातमी महाग आणि भांडण स्वस्त, असा हा बाजार आहे. ज्या वाहिनीनें बातमीचा तमाशा केला, तिनेंच विडंबनकाराच्या हातांत आयता वग दिला. तरुण त्या वगास हंसतो यांत त्याचा अपराध काय?

भोकरच्या तरुणास तर अविश्वासाचें कारण घरच्या अंगणांतच सांपडतें. 2009 च्या ऑक्टोबरांत विधानसभेची निवडणूक झाली, आणि तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण आमच्या या मतदारसंघांतून मोठ्या बहुमतानें निवडून आले. त्या निवडणुकीच्या दिवसांत त्यांच्या कारकीर्दीचा गौरव करणारीं पानेंच्या पानें मोठ्या मराठी दैनिकांत प्रसिद्ध झालीं होतीं. त्यांतील कांहीं मजकूर तर एकमेकांशीं स्पर्धा करणाऱ्या पत्रांत अक्षरशः एकच होता. 'द हिंदू' पत्रांत पी. साईनाथ यांनीं हें उघड केलें. निवडणूक खर्चाच्या हिशेबांत वर्तमानपत्रांतील जाहिरातींसाठीं 5,379 रुपये आणि केबल टेलिव्हिजनसाठीं 6,000 रुपये, म्हणजे एकूण 11,379 रुपये दाखविलेले होते. तीं पानें जाहिरात असतील तर खर्च दाखविलेला नाहीं, आणि बातमी असेल तर ती एकाच शब्दांत दोन-तीन पत्रांस कशी सुचली, असा हा पेंच होता. प्रतिस्पर्धी उमेदवार माधवराव किन्हाळकर व इतरांनीं निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. असल्या हिशेबाची चौकशी करण्याचा अधिकार आयोगास आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 2014 च्या मे महिन्यांत दिला; जुलैमध्यें आयोगानें चव्हाण यांच्याविरुद्ध आदेश काढला; आणि सप्टेंबरांत दिल्ली उच्च न्यायालयानें तो रद्द केला. पैसे देऊन बातम्या छापविल्याचा आरोप चव्हाण यांनीं आरंभापासून नाकारला होता, आणि निकाल त्यांच्या बाजूनें लागला. तो मान्य करणें हें नागरिकाचें कर्तव्य आहे, आणि आम्ही तें करतों.

परंतु त्या खटल्यांत वाचक हा पक्षकारच नव्हता. उमेदवाराचा हिशेब बरोबर होता कीं नाहीं, एवढा प्रश्न आयोगापुढें होता. बातमी म्हणून आपल्या हातीं जें दिलें तें काय होतें, हा वाचकाचा प्रश्न कोठेंच चालला नाहीं. प्रेस कौन्सिलच्या दोघां सदस्यांच्या उपसमितीनें देशभरांतील विकत घेतलेल्या बातम्यांविषयीं 71 पृष्ठांचा अहवाल 2010 सालीं तयार केला, तर कौन्सिलनें प्रथम त्याचा संक्षेपच तेवढा स्वीकारला; संपूर्ण अहवाल लोकांपुढें येण्यास 2011 साल उजाडलें. ज्या मराठवाड्यांत निजामी अमलांत सभा भरविण्यासही परवानगी लागे, जेथें आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' पत्रावर बंदी येतांच तें नवें नांव घेऊन पुन्हां निघे आणि लोक तें लपवून वाचीत, त्याच मराठवाड्यांत छापील अक्षरावरचा विश्वास साठ-सत्तर वर्षांत असा ओसरावा, याहून दुःखाची गोष्ट कोणती? 2009 सालीं जीं मुलें पाळण्यांत होतीं, तीं आतां मतदार होत आहेत. बातमीवर विश्वास ठेवण्याची संवय त्यांस कधीं लागलीच नाहीं. अशा मुलांस विडंबनकार हाच एकटा प्रामाणिक माणूस वाटला तर नवल नाहीं. निदान तो आपण खोटें बोलत आहों हें कबूल तरी करतो!

येथवर आम्ही तरुणांची बाजू मांडली. आतां त्यांच्याविरुद्ध जें म्हणावयाचें तें म्हणतों. या हंशांतून एक मत जन्मास येतें, आणि तें मत विषारी आहे. 'सगळे सारखेच' हें तें मत होय. ऐकणाऱ्यास तें मोठें निःपक्षपाती वाटतें. वस्तुतः तें सर्वांत वाईट पुढाऱ्याच्या फायद्याचें असतें. सगळेच चोर ठरले म्हणजे मोठ्या चोरास लहान चोराच्या पंक्तीस बसतां येतें, आणि एखाद्या प्रामाणिक माणसास त्याच पंक्तीस बसविलें जातें. निवड करण्याचा त्रास ज्यास नको, त्यास यासारखें सोयीचें तत्त्वज्ञान नाहीं.

याचें एकच उदाहरण पुरे आहे. 2022 च्या जूनमध्यें शिवसेनेच्या आमदारांचा मोठा गट सुरतमार्गें गुवाहाटीस गेला आणि उद्धव ठाकरे यांचें मंत्रिमंडळ पडलें. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांच्या तेथील दूरध्वनीवरच्या संभाषणांतील झाडी, डोंगार आणि हाटील हे शब्द पाहतां पाहतां साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडीं झाले. त्यावर गाणीं झालीं, नकला झाल्या, लग्नाच्या वरातींत लोक त्यावर नाचले. पुढें 11 मे 2023 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमत सिद्ध करण्यास सांगण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा ठरविला, परंतु ठाकरे यांनीं आधींच राजीनामा दिला असल्यामुळें त्यांस पुन्हां पदावर आणण्यास नकार दिला. आणि 10 जानेवारी 2024 रोजीं विधानसभेच्या अध्यक्षांनीं दोन्ही गटांतील एकाही आमदारास अपात्र ठरविलें नाहीं. मतदारानें एका पक्षास दिलेल्या मताचें पुढें काय होतें, हा त्यांतला मूळ प्रश्न. आमच्या कॉलेजांतील कित्येक विद्यार्थी स्पर्धापरीक्षेची तयारी करतात. पक्षांतरबंदीचें दहावें परिशिष्ट 1985 सालीं घटनेंत आलें, हें त्यांस मुखोद्गत असतें. गुवाहाटीचा विनोदही त्यांस मुखोद्गत आहे. या दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे, हें मात्र विचारल्याशिवाय त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. परिशिष्ट गेलें परीक्षेच्या कप्प्यांत, आणि राज्यक्रान्ति गेली हंशाच्या कप्प्यांत.

कोणी म्हणेल कीं, हंसणें हाही निषेधाचाच एक प्रकार आहे. आम्ही म्हणतों, निषेध पाहावयाचा असेल तर आमच्या शेजारच्या जिल्ह्याकडे पाहा. 2019 च्या विधानसभा निवडणुकींत लातूर ग्रामीण मतदारसंघांत 'वरीलपैकीं एकही नाहीं' या पर्यायास 27 हजारांहून अधिक मतें पडलीं, आणि विजयी उमेदवाराच्या खालोखाल दुसरा क्रमांक त्या पर्यायाचाच आला. त्यामागें जागावाटपाचे स्थानिक रुसवेफुगवे असतील; तें शहाणपणाचें होतें असेंही आमचें म्हणणें नाहीं. पण ते मतदार उन्हांत रांगेंत उभे राहिले, बोटाला शाई लावून घेतली, आणि आपला नकार मोजावयास लाविला. पडद्यापुढें बसून हंसणाऱ्याचा नकार कोणत्या पेटींत पडतो? त्याचा राग हंशाबरोबर निघून जातो, आणि तो उजळ मनानें झोपीं जातो. राज्यकर्त्यास असली प्रजा मिळाली तर आणखी काय पाहिजे?

यापुढें वाचकहो, थोडें कडू बोलावयाचें आहे, आणि तें तुम्हां-आम्हां पांढरपेशा कुटुंबांस उद्देशून आहे. तरुण मुलगा हें तत्त्वज्ञान केवळ पडद्यावरून शिकला नाहीं. रात्रीं जेवतांना टेलिव्हिजन लावून, प्रत्येक बातमीवर 'हें असेंच चालायचें' असा शेरा मारणारे वडील त्यानें रोज पाहिले आहेत. घरांत राजकारणाविषयीं बोलणें होतें तें फक्त टोमण्यांनीं. प्रभागांतल्या नळाचें पाणी चार दिवसांआड येतें म्हणून नगर परिषदेंत अर्ज घेऊन गेलेली आई अथवा बाप त्यानें क्वचितच पाहिला असेल. त्या कामास ओळखीचा माणूस गांठावयाचा, हें मात्र त्यानें पाहिलें आहे. ज्या पुढाऱ्याची जेवतांना टवाळी केली, त्याच्याच दारीं बदलीसाठीं सकाळीं उभे राहणारे आम्ही! मुलगा तें सर्व पाहतो, आणि हंसतो. त्याच्या हंसण्यांत आमचेंही प्रतिबिंब आहे, हें ओळखण्याइतका प्रामाणिकपणा आम्हीं दाखविला पाहिजे.

मग उपाय काय? टेलिव्हिजन फोडावा असें आम्ही सांगत नाहीं, आणि विडंबनकाराचें तोंड बांधावें असें तर मुळींच नाहीं. उपाय एवढाच कीं, थट्टेच्या आधीं माहितीचें जेवण घरांत व कॉलेजांत मिळालें पाहिजे, आणि तें जवळचें असलें पाहिजे. त्याचीं साधनें आज जितकीं सुलभ आहेत तितकीं पूर्वीं कधींच नव्हतीं. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 पासून लागू आहे, आणि महाराष्ट्रानें तर आपला कायदा त्याच्याही आधीं केला होता. उमेदवारावरील खटले, त्याची मालमत्ता व शिक्षण यांचें प्रतिज्ञापत्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 व 2003 च्या निर्णयांमुळें प्रत्येक मतदारास पाहतां येतें. ग्रामसभेंत बसण्याचा अधिकार गांवच्या प्रत्येक मतदारास आहे. नगर परिषदेचें अंदाजपत्रक हें कांहीं गुप्त लिखाण नव्हे. कॉलेजांनीं महिन्यांतून एक तास या कागदांच्या वाचनास द्यावा; व्याख्यान नको, भाषण नको, कागद वाचावा आणि प्रश्न विचारावा. घरांनीं आठवड्यांतून एक दिवस जेवतांना पडदा बंद ठेवून आपल्याच गांवची एक बातमी खरी कीं खोटी, याचा तपास मुलांकडून करवावा. हें काम रुक्ष आहे, हें आम्ही जाणतों. पण दहा पानें अंदाजपत्रक वाचलेला मुलगा एखाद्या सभेंत उभा राहून जी एक कोपरखळी मारील, तिनें जो घाम फुटेल, तो मुंबईच्या शंभर नकलांनीं फुटणार नाहीं. कारण तिच्यांत माहिती असेल, जवळीक असेल, आणि नांवानिशीं उभें राहण्याची जोखीमही असेल.

शेवटीं एक लहानसा नियम वाचकांच्या ध्यानांत आणून देतों. प्रत्येक उमेदवारास निकालानंतर 30 दिवसांच्या आंत आपल्या निवडणूक खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो, आणि निवडणूक संचालनाच्या नियमांप्रमाणें कोणाही माणसास एक रुपया शुल्क भरून तो हिशेब पाहतां येतो. भोकरच्या त्या 11,379 रुपयांची वार्ता साऱ्या देशांत पोंचली, ती कोणी तरी असला हिशेबाचा कागद उघडून पाहिला म्हणून. नांदेडच्या कचेरींत असे कागद दर निवडणुकीनंतर येऊन पडतात. आमच्या पहिल्यांदाच मतदान करणाऱ्या मुलांनीं पुढच्या निवडणुकीनंतर तेथें जावें, एक रुपया भरावा, आणि तो कागद वाचावा. त्यानंतर त्यांस हंसूं आलें, तर त्यांनीं खुशाल हंसावें. आम्हीही त्यांच्याबरोबर हंसूं.